रेखाटनापासून वास्तवदर्शी चित्रापर्यंत : लोणार व सिंदखेड राजाच्या संदर्भात एक अभ्यासपाठ

जपानी शैलीची चलच्चित्रे महाराष्ट्रातील मुलांना आता नवी राहिलेली नाहीत. दूरचित्रवाणीवर ‘डोरेमॉन’ आणि ‘शिन-चान’ पाहत एक अख्खी पिढी मोठी झाली. १९९३ साली युगो साको यांच्या पुढाकाराने जपानी व भारतीय कलावंतांनी मिळून रामायणावर याच पद्धतीचा संपूर्ण लांबीचा चित्रपट निर्माण केला, आणि जानेवारी २०२५ मध्ये तो भारतातील चित्रपटगृहांत पुन्हा दाखविण्यात आला. ‘ॲनिमे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शैलीत चेहऱ्याच्या मानाने मोठे डोळे, बारीक नाक, ठळक बाह्यरेषा आणि सपाट रंग ही लक्षणे प्रामुख्याने आढळतात. मार्च २०२५ मध्ये आपले छायाचित्र संगणकास देऊन त्याचे अशा शैलीतील चित्र करवून घेण्याची लाटच आली होती. आता उलट दिशेचा प्रवासही तितकाच सुलभ झाला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने काढलेले, किंवा विद्यार्थ्याने हाताने रेखाटलेले ॲनिमे शैलीचे चित्र संगणकास द्यावे आणि चित्रपटातील दृश्यासारखे, छायाचित्राशी साम्य असलेले चित्र काही क्षणांत मिळवावे, हे आज शाळेतल्या मुलासही जमते.

हा विषय केवळ मनोरंजनापुरता राहिलेला नाही. शाळांची प्रदर्शने, दर वर्षी १२ जानेवारीस येणारा राजमाता जिजाऊंचा जन्मोत्सव, लोणारसारख्या स्थळांची माहितीपत्रके, ग्रामसभेपुढे ठेवावयाचे विकासकामांचे आराखडे अशा अनेक प्रसंगी ही चित्रे वापरली जाऊ शकतात. म्हणून शिक्षक, अधिकारी आणि पंचायत सदस्य यांनी या प्रक्रियेचे स्वरूप समजून घेणे अगत्याचे आहे. त्यातील मुख्य गोष्ट आरंभीच सांगितलेली बरी. रेखाटनाचे वास्तवदर्शी चित्र करताना यंत्र दडलेला तपशील शोधून काढीत नाही. तो तपशील ते स्वतः भरते. काय भरावे हे आपण सांगितले नाही, तर कुठल्या तरी परक्या मुलखाचा तपशील आपल्या गावाच्या नावावर जमा होतो आणि छायाचित्राचा विश्वास घेऊन लोकांपुढे येतो.

जुनी परंपरा, नवे साधन

कल्पनेतील आकृतींना वास्तवाचे रूप देण्याचा प्रयत्न महाराष्ट्रात पूर्वीही झालेला आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि पुराणातील देवदेवतांना खऱ्या वस्त्रांच्या चुण्या, अंगावरचा प्रकाश आणि जमिनीवरची सावली देऊन ती चित्रे घरोघरी पोहोचविली. रविवर्मा छापखान्यात काही काळ काम केलेले दादासाहेब फाळके यांनी पुढे ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट निर्माण केला. तो ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला आणि पौराणिक पात्रे पडद्यावर चालू लागली. मात्र या दोन्ही उदाहरणांत साडी कोणती नेसवावी, प्रकाश कोठून यावा, मागे कोणता डोंगर दाखवावा, याचा निर्णय माणसाने घेतलेला होता. नव्या साधनात हे शेकडो निर्णय यंत्र न विचारता घेते. जुन्या आणि नव्या पद्धतीतील महत्त्वाचा फरक तो हाच.

यंत्राची कार्यपद्धती

चित्रनिर्मितीची आजची अनेक साधने ‘डिफ्यूजन’ या तत्त्वावर चालतात. यंत्र तयार करताना त्यास कोट्यवधी चित्रे आणि त्यांची वर्णने दाखविली जातात. प्रत्येक चित्रावर टप्प्याटप्प्याने अस्ताव्यस्त ठिपके पसरविण्यात येतात आणि ते ठिपके दूर सारून मूळ चित्र कसे मिळवावे याचा सराव यंत्राकडून करवून घेतला जातो. पुरेसा सराव झाल्यावर केवळ ठिपक्यांपासून आरंभ करूनही यंत्र दिलेल्या वर्णनास अनुसरून चित्र उभे करू शकते. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘स्टेबल डिफ्यूजन’ ही प्रणाली सर्वांसाठी खुली झाली आणि हे तंत्र सामान्य वापरकर्त्याच्या आटोक्यात आले.

तयार रेखाटनाचे रूपांतर करताना यंत्र त्या रेखाटनावर काही प्रमाणात ठिपके पसरविते आणि मग ते दूर करीत नवे चित्र घडविते. एस. टी. स्थानकाच्या भिंतीवरील जाहिरात पावसाने धुऊन गेली आणि ती पुन्हा रंगविण्याचे काम रंगाऱ्याकडे आले, असे समजा. जाहिरात थोडीच धुतली असेल तर तो मूळ रेषेवरच कुंचला फिरवील. बरीच पुसली गेली असेल तर आपल्या आठवणीतील दुसऱ्याच जाहिरातीचा रंग आणि आकार तिला देईल. यंत्रही असेच करते. किती पुसावयाचे याचे माप बहुतेक साधनांत ० ते १ या दरम्यान ठरविता येते. सर्वसाधारणपणे ०.३ च्या खाली चित्र रेखाटनासारखेच राहते, ०.४५ ते ०.६५ या पट्ट्यात रचना टिकून पोत बदलतो, आणि ०.७५ च्या पुढे मूळ रचना हातची जाण्याचा संभव असतो. ही मापे साधनागणिक थोडी बदलतात. म्हणून एकच रेखाटन तीन-चार मापांवर करून पाहणे इष्ट होय.

फेब्रुवारी २०२३ मध्ये पुढे आलेल्या ‘कंट्रोलनेट’ या पद्धतीने आणखी एक सोय झाली. चित्रातील बाह्यरेषा, जवळ-दूरपणाचा नकाशा, किंवा माणसाच्या शरीराची ठेवण यांपैकी एखादी गोष्ट कायम राखून बाकीचे बदलण्याची आज्ञा यंत्रास देता येऊ लागली. इमारतीसाठी बाह्यरेषा राखणे उपयुक्त ठरते. भूदृश्यासाठी जवळ-दूरपणाचा नकाशा, तर माणसांसाठी शरीराची ठेवण अधिक कामी येते.

रेखाटनात काय नसते

पाठाचा पहिला भाग कागदावर करावयाचा आहे. ॲनिमे शैलीच्या चित्रात पुढील गोष्टी बहुधा अपुऱ्या असतात : प्रकाश कोणत्या दिशेने येतो, दगड, कापड, लाकूड यांचा पोत, त्वचेचा खरा वर्ण व वयाच्या खुणा, दूरच्या वस्तू धूसर करणारी हवा, आणि कॅमेऱ्याचे स्थान. चित्रपटातील दृश्य ‘चित्रपटासारखे’ वाटते ते मुख्यतः याच गोष्टींमुळे. तेथे प्रकाशास एक निश्चित दिशा असते. भिंगामुळे जवळची वस्तू स्पष्ट आणि दूरची अस्पष्ट दिसते. पडद्याची रुंदी उंचीच्या सुमारे २.३९ पट ठेवण्याचा प्रघात रुळलेला आहे. छाया आणि उजेड यांचे रंगही एकाच धोरणाने जुळविलेले असतात.

विद्यार्थ्यांनी रेखाटन समोर ठेवून तीन रकाने आखावेत. पहिल्या रकान्यात चित्रात स्पष्ट असलेल्या गोष्टी, दुसऱ्यात प्रत्यक्ष पाहणीने भरता येण्यासारख्या गोष्टी आणि तिसऱ्यात कोणासच ठाऊक नसलेल्या गोष्टी लिहाव्यात. यंत्र तिन्ही रकाने सारख्याच आत्मविश्वासाने भरते. आपल्याला मात्र ते वेगळे ठेवावयाचे आहेत.

लोणारचे उदाहरण

एखाद्या विद्यार्थिनीने लोणार सरोवराचे रेखाटन केले आहे असे समजू : गोल सरोवर, सभोवती डोंगर, काठी देऊळ, वर ढग. हे रेखाटन ‘सुंदर, भव्य, वास्तवदर्शी करा’ एवढ्याच सूचनेसह यंत्रास दिले तर निळेशार पाणी, सूचिपर्णी वृक्ष आणि मागे हिमशिखरे उगवण्याचा पुष्कळ संभव आहे. यंत्राने पाहिलेल्या चित्रांत परदेशातील पर्वतीय सरोवरे विपुल असतात. लोणारची त्या मानाने फार थोडी.

वस्तुस्थिती निराळी आहे. लोणारचे विवर बसाल्ट खडकावर झालेल्या उल्काघाताने निर्माण झाले असून काठापासून काठापर्यंत त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. ते ज्वालामुखीचे मुख नव्हे. पाणी अतिशय क्षारयुक्त असून शेवाळामुळे एरवी हिरवट दिसते. जून २०२० मध्ये ते गुलाबी झाले. पाणी घटून क्षारता वाढली असता वाढणारे सूक्ष्म जीव त्यास कारण असल्याचे तपासणीअंती सांगण्यात आले. त्याच वर्षी सरोवराचा रामसर स्थळांच्या यादीत समावेश झाला. देवळाबाबतही काळजी घ्यावी लागते. विष्णूने लवणासुराचा वध केल्याच्या कथेशी निगडित असलेले दैत्यसूदन मंदिर लोणार गावात आहे. सरोवराकाठचे स्थान कमळजा देवीचे आहे. रेखाटनातील देऊळ कोणते, हे न सांगता यंत्रास दिले तर दोहोंची सरमिसळ होऊन तिसरेच देऊळ तयार होईल.

म्हणून सूचना लिहिताना विशेषणे कमी आणि वस्तू अधिक असाव्यात. नमुन्यादाखल एक सूचना येथे देत आहोत : ‘उल्काघाताने झालेले वर्तुळाकार विवर, काठावरून आत पाहताना; मे महिन्यातील सकाळ, सूर्य उजवीकडे व खाली; उतारावर वाळलेले गवत व झुडपे; काळा बसाल्ट खडक; तळाशी हिरवट पाणी, किनाऱ्यास क्षारांचा पांढुरका पट्टा; क्षितिज सपाट, बर्फ नाही, सूचिपर्णी वृक्ष नाहीत; हवा धूसर; ३५ मिलिमीटर भिंग.’ यातील प्रत्येक शब्द जागेवर जाऊन पडताळता येतो. महिना बदलला की सूचनाही बदलली पाहिजे. ऑगस्टमधील हिरवा उतार आणि मे महिन्यातील करडा उतार एकाच चित्रात शोभत नाहीत.

मराठीतील काही शब्द यंत्रास नीट उमगत नाहीत, हेही अनुभवास येईल. ‘बारव’ म्हटल्यावर ते साधी गोल विहीर काढील. सिंदखेड राजा येथील सजना बारव किंवा पुतळा बारव दाखवावयाची असेल तर ‘जमिनीत खोल उतरणाऱ्या पायऱ्यांची दगडी विहीर’ असे तिचे वर्णन करावे लागते. ‘नऊवारी’ या शब्दाऐवजी काष्टा, पदर आणि निऱ्या कशा आहेत ते सांगावे लागते. आपल्या ओळखीच्या वस्तूचे अनोळखी माणसास समजेल असे वर्णन करणे हा भाषेचा उत्तम व्यायाम आहे. मराठीच्या शिक्षकांनी या संधीचा अवश्य उपयोग करावा.

चेहरा : सर्वांत अवघड भाग

ॲनिमे शैलीच्या चेहऱ्याची बाह्यरेषा जशीच्या तशी राखली तर रूपांतरित चित्रात मोठे डोळे आणि टोकदार हनुवटी कायम राहते. त्यावर खऱ्या त्वचेचा पोत चढला की चेहरा बाहुलीसारखा आणि काहीसा भीतिदायक दिसतो. यावर उपाय असा की शरीराची ठेवण राखावी, चेहऱ्याची रेषा मात्र मोकळी सोडावी आणि डोळ्यांचे प्रमाण स्वाभाविक ठेवण्याची सूचना स्वतंत्रपणे द्यावी. वय स्पष्ट सांगावे, कारण या शैलीत आई आणि मुलगी एकाच वयाच्या दिसतात. वर्णही सांगावा, न सांगितल्यास यंत्र उजळ वर्णाकडे झुकते. उन्हात राबणाऱ्या शेतकरी स्त्रीचा चेहरा जाहिरातीतील नटीसारखा दिसू लागला तर ते रूपांतर फसले असे समजावे. शेवटी हाताची बोटे, दागिन्यांची जोडणी आणि फलकांवरील देवनागरी अक्षरे तपासावीत. जोडाक्षरे तर हमखास बिघडतात. म्हणून अक्षरे यंत्राकडून न काढविता नंतर वेगळी बसविणे चांगले.

ऐतिहासिक व्यक्तींच्या बाबतीत प्रश्न अधिक गंभीर होतो. सिंदखेड राजा हे जिजाऊंचे जन्मस्थान. १२ जानेवारी १५९८ ही त्यांची जन्मतिथी मानली जाते आणि लखुजी जाधवरावांच्या राजवाड्याच्या परिसरात त्या दिवशी मोठा जनसमुदाय लोटतो. आज सर्वत्र दिसणारी जिजाऊंची चित्रे बहुतांशी उत्तरकालीन चित्रकारांच्या श्रद्धेतून आणि कल्पनेतून साकारलेली आहेत. ती रंगवलेली आहेत हे पाहणारास दिसते, म्हणून त्यांविषयी गैरसमज होत नाही. तीच प्रतिमा छायाचित्रासारखी झाली की लहान मुलास तो खरा चेहरा वाटू लागतो. राजवाड्याच्या जागी राजस्थानी पद्धतीचे संगमरवरी महाल उमटले तर परगावच्या माणसास चूक कळण्याचा मार्गच उरत नाही.

चुकीचे चित्र एकदा रूढ झाले की ते काढणे किती कठीण असते, याचा धडा महाराष्ट्राच्या इतिहासातच आहे. शिवाजी महाराजांचे म्हणून दीर्घकाळ प्रचारात असलेले एक चित्र वस्तुतः इब्राहिमखान नावाच्या व्यक्तीचे होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी परिश्रमपूर्वक शोध घेऊन ही चूक दाखवून दिली आणि महाराजांचे समकालीन चित्र उजेडात आणले. त्या काळी एका चित्राचा प्रसार होण्यास वर्षे लागत. आता एका सायंकाळी शेकडो चित्रे भ्रमणध्वनीवरून गावोगाव जातात. प्रत्येक चित्रामागे एक बेंद्रे मिळणार नाहीत. म्हणून खबरदारी आधीच घेतली पाहिजे.

गावच्या कामांची चित्रे

पंचायत सदस्यांच्या दृष्टीने या साधनाचा एक रास्त उपयोग आहे. नियोजित काम पूर्ण झाल्यावर कसे दिसेल, हे नकाशा न वाचू शकणाऱ्या ग्रामस्थासही चित्रावरून समजते. बुलढाणा जिल्ह्यात महामार्गाच्या कामास लागणारी माती व मुरूम तलाव आणि नाले खोल करून मिळविण्याची पद्धत अवलंबिली गेली व ती ‘बुलढाणा पॅटर्न’ या नावाने ओळखली जाते. अशा कामाच्या आधी ग्रामसभेत साधे रेखाटन मांडले तर लोक प्रश्न विचारतात : खोली किती, कोणाच्या बांधाला धोका, गुरांना उतरण्यास वाट कोठे? काठोकाठ भरलेल्या तलावाचे छायाचित्रासारखे चित्र मांडले तर पाणी येणारच असे मन धरून बसते आणि प्रश्न मागे पडतात. पावसाचे प्रमाण आणि जमिनीची धारणा चित्राच्या हाती नसते. म्हणून असे चित्र दाखवावयाचे झाल्यास त्यासोबत मोजमापांचा आराखडा ठेवावा आणि कमी पावसाच्या वर्षातील स्थितीचेही दुसरे चित्र करावे.

झालेल्या कामाच्या नोंदीत मात्र यंत्राने घडविलेले वा सुधारलेले चित्र मुळीच येऊ देऊ नये. तेथे छायाचित्र हा पुरावा असतो. आकाश स्वच्छ करणे किंवा बंधाऱ्याची भेग पुसणे हा पुराव्यातील फेरफारच होय. नियोजनाची कल्पनाचित्रे आणि कामाची छायाचित्रे यांच्या नस्ती कार्यालयात अगदी वेगळ्या ठेवाव्यात.

ओळखचिठ्ठी आणि जबाबदारी

केंद्र शासनाने माहिती तंत्रज्ञान नियमांत फेब्रुवारी २०२६ मध्ये दुरुस्ती करून कृत्रिमरीत्या निर्माण केलेल्या खऱ्यासारख्या प्रतिमांवर तशी स्पष्ट खूण असण्याचे बंधन समाजमाध्यम सेवांच्या संदर्भात घातले आहे. शाळा आणि पंचायतींनी हेच तत्त्व छापील व भिंतीवरील चित्रांनाही लावावे. चित्राखाली केवळ ‘संगणकनिर्मित’ एवढे लिहिणे अपुरे आहे. खरे काय आणि कल्पित काय, हे सांगणारी ओळ हवी. उदाहरणार्थ : ‘कल्पनाचित्र. मूळ रेखाटन : इयत्ता आठवी. संगणकाच्या साहाय्याने रूपांतर. विवराचा आकार व खडक पाहणीनुसार. माणसे व आकाश काल्पनिक.’ ही ओळ चित्राच्या चौकटीतच असावी, कारण चित्र पुढे पाठविले जाताना खालचा मजकूर गळून पडतो. शक्य तेथे मूळ रेखाटन शेजारी लावावे. मुलाच्या हाताने काढलेली रेषा लोकांना दिसली पाहिजे.

दुसऱ्या चित्रकाराचे रेखाटन त्याच्या परवानगीवाचून रूपांतरित करू नये. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने कलाकृतीवर निर्मात्याचा अधिकार मान्य केलेला आहे. विद्यार्थ्यांची छायाचित्रे अशा साधनांना देण्यापूर्वी पालकांची संमती घ्यावी. ती छायाचित्रे कोठे साठविली जातात, हे शिक्षकाच्या हाती राहत नाही.

वर्गासाठी कार्यक्रम

हा पाठ चार तासिकांत पूर्ण होऊ शकतो. पहिल्या तासिकेत गावातील एका वास्तूचे किंवा जलाशयाचे रेखाटन करावे आणि तीन रकाने भरावेत. दुसऱ्या वेळी त्या स्थळास भेट देऊन दगड, झाडे, पायऱ्या, प्रकाशाची दिशा यांच्या नोंदी घ्याव्यात. जुन्या जाणत्या माणसांकडून स्थळाची माहितीही विचारावी. तिसऱ्या तासिकेत शिक्षकांच्या देखरेखीखाली एकाच संगणकावर दोन रूपांतरे करावीत : एक मोघम सूचनेने आणि दुसरे नोंदींच्या आधारे. चौथ्या तासिकेत दोन्ही चित्रे फळ्याशेजारी लावून यंत्राने आपणहून काय घातले, याची यादी विद्यार्थ्यांनी करावी. संगणक नसलेल्या शाळेत तिसऱ्या तासिकेची चित्रे केंद्रशाळेतून छापून आणली तरी भागते. या पाठातील मोलाचे काम पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या तासिकेतच आहे आणि त्यास कागद, पेन्सिल व पायपीट एवढेच भांडवल लागते.

जिल्ह्यात या अभ्यासास साहित्याची वाण नाही. लोणारचे विवर, सिंदखेड राजाचा राजवाडा, मोती तलाव आणि बारवा सर्वांना पाहण्यासाठी खुल्या आहेत. ज्या मुलाने बारवेच्या पायऱ्या स्वतः उतरून पाहिल्या आहेत, त्यास यंत्राने काढलेली चुकीची पायरी दाखवावी लागत नाही. ती त्यालाच दिसते. हे साधन पुढेही सुधारत जाईल आणि त्याच्या चुका अधिकाधिक बेमालूम होतील. त्या ओळखू शकणारे डोळे तयार करण्याचे काम शाळांनी आताच हाती घ्यावे आणि ग्रामपंचायतींनी त्यास साह्य करावे.